वाचून पाहिले, बरोबर आहे

गौतम, तुझ्या उजव्या हातावर 'जनाबाई' असं गोंदलेलं नव्हतं. तो हात मी चौथीपासून ओळखतो. त्याच हातानं तू माझ्या पाटीवरची चुकलेली गणितं गुपचूप पुसून नीट करायचास आणि त्याच हाताचं माप मी पाच कोटांसाठी पाच वेळा घेतलं. लहानपणच्या लशीचा एक वण सोडला तर त्यावर काही नव्हतं. तरी तुझ्या मरणाच्या कागदात ते गोंदण होतं, आणि तो कागद घेऊन ठाण्यातला हवालदार माझ्याच दुकानात आला होता. पंच म्हणून माझी सही पाहिजे होती.

तुला ट्रकनं उडवल्याला तेव्हा दीड तास झाला असेल. तू वाशीमहून दुपारीच कोर्ट आटोपून स्कूटरवर येत होतास, आणि पुलाच्या अलीकडे तो तुला पाडून निघून गेला. बातमी कळल्यापासून मी मशीनवरच बसून होतो. हवालदार आत आला, टोपी काढून बाकावर ठेवली.

“मास्टर, लय वाईट झालं जी. वकीलसाहेब देवमानूस होता. हे घ्या, इथं अन् इथं सही करा. तुमाले दवाखान्यात यायची गरज नाई, मी करतो सारं.”

कागद भरलेला होता. आपल्या तरुणपणी तो कोरा असायचा. आता ठाण्यात कॉम्प्युटर आहे. मागच्या मयताचा पंचनामा उघडायचा, नाव बदलायचं, छापायचं. तीस वर्षं तू ज्यासाठी घसा फोडलास त्या सुधारणेचं एवढं एकच फळ मी डोळ्यांनी पाहिलं, की कोऱ्याच्या जागी भरलेला कागद आला. शेवटची ओळ मात्र तेव्हाही छापलेली असायची, आजही आहे: वरील पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

मी सही केली की नाही ते सांगतो. पण आधी तुझ्या शोकसभेचं ऐक. तुला हसू येईल.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते मी त्या दिवशी वकिलांच्या खोलीत पाहिलं. तुझा फोटो टेबलावर, त्याला झेंडूचा हार, तो फोटोपेक्षा मोठा. ज्यांनी तुला जन्मभर 'पंचनामेवाले बाबा' म्हणून हिणवलं ते एकेक उठून तुला फौजदारी कायद्याचा थोर सुधारक म्हणत होते. एका सरकारी वकिलाच्या टेबलावर तुझी पुस्तिका मी चहाच्या कपाखाली पाहिलेली आहे. त्या गृहस्थानं तिच्यातला उतारा वाचून दाखवला, आणि मधली एक ओळ गाळली, ज्यात सरकारी वकिलांना हा सगळा प्रकार ठाऊक असतो असं तू लिहिलं आहेस. शेवटी एक मिनिट शांतता पाळली. ती पुरी व्हायच्या आत कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि त्यानं तो तिथंच उचलला.

मी मागं दाराजवळ उभा होतो. दर्ज्याला बोलायला कोण सांगतो? बरंच झालं. मला बोलायला लावलं असतं तर मी म्हटलं असतं, लोकहो, या माणसाला सुधारक मी केलं. एक खोटी सही करून.

आपण दोघं आणि ठाणं सोडलं तर हे कुणाला ठाऊक नाही, अशी माझी कालपर्यंत समजूत होती.

माझं दुकान आणि ठाणं यांच्यात एकच भिंत. अब्बांनी जागा घेतली तेव्हा खाकी शिवायचं काम मिळेल म्हणून घेतली. ते मिळालं, आणि त्याच्यासोबत पंचाचं कामही गळ्यात पडलं. झडतीला जाताना पोलिसांनी गावातली दोन भली, कोणाशी लागाबांधा नसलेली माणसं सोबत न्यावीत, वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत सापडावी, कागद तिथंच लिहावा, असं कायदा सांगतो. हे तूच मला समजावलंस. पण गावातली भली माणसं दिवसा शेतात असतात. भिंतीपलीकडचा दर्जी तेवढा हमखास जागेवर सापडतो. आधी अब्बा सह्या करायचे. ते गेल्यावर कात्री, मशीन, इस्त्री आणि ही सवय मला मिळाली. गांजा कुठं सापडला, सुरा कुठं सापडला, मला काही ठाऊक नसायचं. जमादार म्हणायचा, मास्टर, सही मार, आणि मी मारायचो. त्यात मला कधी पाप वाटलं नाही. बटण लावून द्यावं तसं ते काम होतं.

तुझी सनद आली ते वर्ष आठवतं? तुझे वडील कामरगावहून बदलून आपल्या शाळेत आलेले गुरुजी. मुलगा वकील झाला म्हणून त्यांनी तुला एक पेन घेऊन दिलं होतं आणि तू त्यात हट्टानं जांभळी शाई भरायचास. कोट मात्र माझ्याकडून शिवायचा हे ठरलेलंच होतं. त्या दिवशी दोन वाजता तू ट्रायलला आलास. डावा खांदा काही केल्या बसेना. मी तीनदा उसवला. तू आरशासमोर उभा राहून साक्षीदाराला दम भरत होतास, “खरं बोला, आपण त्या वेळी कुठं होता?” मी म्हणत होतो, “हालू नको बे, टाचनी घुसन.” एक बाही टाचलेली, दुसरी माझ्या खांद्यावर. चार वाजत आले तरी आपण तिथंच होतो.

तेवढ्यात जमादार आला आणि मशीनच्या फळीवर दोन कोरे छापील कागद ठेवले. “मास्टर, सही मार. रिठदचं मॅटर हाय.” माझ्या तोंडात टाचण्या, हातात खडू. मी पेन शोधू लागलो. तू खिशातलं नवं पेन काढलंस, टोपण उघडलंस आणि माझ्या हातात दिलंस. मी दोन ठिकाणी सही केली. जमादार गेला आणि आपण पुन्हा खांद्याकडं वळलो. वकिलानं पेन द्यावं आणि दर्ज्यानं सही करावी, दोघांपैकी एकालाही कागदावर काही लिहिलेलं नाही हे दिसू नये, याला काय म्हणायचं ते तूच सांगायला हवं होतंस.

दोन महिन्यांनी तुला पहिला मोठा खटला मिळाला. आरोपी रिठदचा देवराव, शेतमजूर. गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं घर लुटलं होतं, डोक्याला मार लागून ती वारली होती. देवरावविरुद्ध पुरावा म्हणून एकच गोष्ट होती. त्यानं म्हणे स्वतः चालत जाऊन कुटाराच्या, म्हणजे भुसकटाच्या, ढिगातून म्हातारीची सोन्याची पोत काढून दिली, दोन पंचांसमक्ष, दुपारी दोन ते चार या वेळात. खाली दोन सह्या. एक समोरच्या चहावाल्याची, तो खटला उभा राहायच्या आतच वारला. दुसरी माझी, जांभळ्या शाईत.

मूळ कागद तू कोर्टात पाहिलास आणि सरळ दुकानात आलास. बाकावर बसलास. मग म्हणालास, “रशीद, कोर्टात खरं सांगजो.”

“सांगन,” मी म्हणालो. आणि तेव्हा मला खरंच सांगायचं होतं, यावर विश्वास ठेव.

साक्षीच्या आदल्या दिवशी जमादार शिवायला टाकलेली पँट न्यायला आला. घडी बगलेत मारून म्हणाला, “फितूर झाला तर पयला गुन्हा तुयावर लागन मास्टर. अन् भिंत एकच हाय आपली, ध्यानात ठेव.” एवढंच. ओरडला नाही, शिवी दिली नाही. माझी दोन लेकरं तेव्हा दुकानातच चिंध्यांशी खेळत होती.

दुसऱ्या दिवशी मी अल्लाहची शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा राहिलो आणि कुटाराचा ढीग किती उंच होता तेसुद्धा सांगितलं. तू उलटतपासणीला उठलास. अंगात मी शिवलेला कोट. तू मला 'आपण' म्हणालास, जन्मात पहिल्यांदा. “त्या दिवशी दुपारी दोन ते चार आपण आपल्या दुकानात कोणाच्या कोटाची ट्रायल घेत होता का?” मी म्हणालो, “नाही.” तू कोटाच्या बटणाला हात लावलास. न्यायाधीश म्हणाले, पुढचा प्रश्न विचारा. तू म्हणालास, “आणखी प्रश्न नाहीत.”

देवरावला जन्मठेप झाली. पंच स्वतंत्र आहे, प्रतिष्ठित कारागीर आहे, त्याला खोटं बोलायचं काही कारण दिसत नाही, असं निकालात होतं. वरच्या कोर्टानंही तेच उचलून धरलं. आयुष्यात मला प्रतिष्ठित म्हणणारा तो एकच कागद.

आता आपल्या भांडणाकडं येतो. ते आपण तीस वर्षं भांडलो आणि तू अर्ध्यात उठून गेलास. मी म्हणायचो, असेल त्या देवरावनंच केलं. पोत काय आभाळातून पडली? तू म्हणायचास, “असन. त्यानंच केलं असन. मंग त्याले खऱ्या कागदावर आत टाका ना लेकहो.” तुझा सगळा कायदा या एका वाक्यात होता. बाकी तू जे लिहिलंस ते याचाच पसारा. पंच ठाण्याशेजारून उचलू नये, गावच्या मतदारयादीतून चिठ्ठी टाकून काढावा. कागद त्याच्या बोलीत मोठ्यानं वाचून दाखवावा, उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारावी. आणि ती शेवटची ओळ, वाचून पाहिले, बरोबर आहे, ती कधीही छापू नये, पंचानं ती स्वतःच्या हातानं लिहावी. ती लिहिताना हात अडखळेल आणि तेवढ्यात माणसाला शुद्ध येईल, असं तुझं म्हणणं. लिहिता न येणाऱ्यानं काय करायचं, असं मी विचारलं तर म्हणालास, त्यानं ती चार माणसांसमोर मोठ्यानं म्हणायची.

बत्तीस पानांची पुस्तिका काढलीस. तिच्यात माझी गोष्ट होती, पण नाव नव्हतं. 'एक पंच' एवढंच. मी ती वाचून तुझ्यावर उखडलो. तुला वाटलं, गोष्ट छापली म्हणून. नाही रे. 'एक पंच' होता, 'एक आरोपी' होता, पण त्या गोष्टीत पेन देणारा वकील नव्हता. म्हणून.

“तू काहून नाई उभा राह्यला पिंजऱ्यात?” मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. “वकीलपत्र सोडून साक्ष देता आली असती तुले. दोन ते चार हा मानूस मायासमोर होता, एवढं म्हनाचं होतं. देवराव सुटला असता.”

“तू आत गेला असता.”

“म्हंजे मायासाठी? मायावर ढकलू नको गौतम. पयली केस होती तुयी, तुले ते वकीलपत्र सोडवलं नाई.”

तू चहा अर्धा टाकून उठलास. तेव्हापासून माझ्याकडं तुझ्याविरुद्ध हा एक हुकमाचा पत्ता होता, आणि तू मला खरेपणाचं काही सांगायला आलास की मी तो टाकायचो.

मग कायदे बदलायचे वारे सुटले आणि कुठल्याशा समितीनं लोकांची म्हणणी मागवली. तू महिनाभर रात्रीचा दिवस करून निवेदन लिहिलंस. त्याला एक शपथपत्र जोडायचं होतं, न वाचता सही केल्याचं सांगणाऱ्या कुणाही एका पंचाचं. तू गावोगाव हिंडलास. सगळ्यांनी कोरे कागद सहीला घेतले होते आणि एकही बोलायला तयार नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी तू माझ्याकडं आलास, आणि तू सगळ्यांत शेवटी आलास हेही माझ्या लक्षात आलं.

मी म्हणालो, “पोरीचं लगन ठरून राह्यलं. भिंत ठाण्याची, नाव रशीद. तुमचं काय, तुमच्यामागं वकील उभे राहतीन, मोर्चा निघन. मायामागं कोन?”

तू म्हणालास, “मी.”

“तू एकदा राह्यला होता ना मांगं. पाह्यलं मी.”

हे बोलायला नको होतं. बोललो. समितीचं उत्तर आलं, की असा प्रकार घडल्याचं कोणतंही ठोस उदाहरण सोबत जोडलेलं नाही. त्या वर्षी तू कोट तयार विकत आणलास. खांद्यात उचलला जायचा, पाठीला झोळ पडायचा. तू रोज तो घालून माझ्या दुकानासमोरून जायचास आणि मी मशीनवर मान खाली घालून बसायचो. वर्षभर आपण बोललो नाही. मग एका सकाळी तू आत आलास, पाठमोरा उभा राहिलास आणि म्हणालास, “खांदा पाह्य जरा.” मी टेप घेतली. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

नवा कायदा आला आणि झडतीचं मोबाइलवर शूटिंग सक्तीचं झालं, तेव्हा तुझं अभिनंदन करायला लोक आले. तू हसत होतास, पण ते हसू मला माहीत आहे. मला म्हणालास, “शूटिंग सुरू कवा होते ते पाह्य. ढीग उकरून झाल्यावर.” तरीही दुसऱ्या दिवशी निवेदनाचा नवा मसुदा घेऊन बसलास. तुझी ही चिकाटी पाहून मला कधी कधी तुझा राग यायचा. तू थकला असतास तर मलाही थकायला परवानगी मिळाली असती.

शेवटचा आलास तो मरणाच्या आठ दिवस आधी. पाचव्या कोटाचं अस्तर फाटलं होतं. मी ते उसवत होतो आणि तू नेहमीचं सुरू केलंस. “देवराव म्हातारा झाला रे. सुटून आला त्याले किती वर्सं झाले. जाय एकदा रिठदले. बस, एवढं सांग त्याले.”

मी पत्ता टाकला. “तू गेला का? तुयं सांगतलं का त्याले?”

तू नुसता हसलास. मला वाटलं, सापडला. माझा विजयच झाला जणू. अस्तर लावून झालं, तू कोट घातलास, आरशात पाहिलंस आणि निघून गेलास. आपलं शेवटचं बोलणं हे.

तर, हवालदारानं कागद पुढं केला. माझा हात पेनाकडं गेला, गौतम. तुझ्याच मरणाचा कागद होता, तरी गेला. तीस वर्षं तुझं ऐकून, तुझ्याशी भांडून, हात होता तिथंच होता. 'र' काढून झाला. तेव्हा नजर जनाबाईवर पडली. मला अक्कल सुचली म्हणून मी थांबलो असं कुणी म्हणू नये. ठाण्याच्या गलथानपणानं मला थांबवलं.

“ही जनाबाई कोन?”

हवालदारानं वाकून पाहिलं. “अरे, ते मागच्याचं राह्यलं वाट्टे. बदलतो ना मी.”

“आता बदल. मायासमोर. चाल दवाखान्यात.”

“मास्टर, लोकं खोळंबून राह्यले. पोरगी रडून राह्यली तिथं.”

“चाल म्हटलं ना.”

मी चादर काढायला लावली. तुला तसं पाहायची माझी हिंमत नव्हती, पण कागदावर ते लिहिणार होते आणि मी बरोबर आहे म्हणणार होतो, म्हणून पाहिलं. प्रत्येक वाक्य त्याला हातानं लिहायला लावलं आणि परत मोठ्यानं वाचायला लावलं. मागच्या मयताच्या अंगात बनियन आणि लुंगी होती, तीही खोडली. काळा कोट, डाव्या खांद्याची शिवण उसवलेली, अस्तर नवं. हवालदार म्हणाला, “अस्तर कायले लिवाचं?” मी म्हणालो, “नवं हाय म्हनून.” डावा खांदा, तोच, जो पहिल्या दिवशी बसत नव्हता.

बाहेर तुझे वकील मित्र घड्याळं पाहत होते. एक जण दारातून ओरडला, “मास्टर, शर्ट शिवून राह्यले का आत?” हाच माणूस शोकसभेत तुझ्या विचारांचा वारसा चालवू म्हणाला. मग प्रज्ञा आत आली. तुझी मुलगी, तिनंच तुझ्या पुस्तिकेची प्रुफं तपासली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, “काका, करा ना सही. बाबाले घरी नेऊ द्या.” मी म्हणालो, “बेटा, वाचून घेतो.” तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच ट्रक चालवत होतो. दिवस मावळायच्या आत तुला न्यायचं ठरलं होतं, ते माझ्यामुळं हुकलं. लोकांनी अंधारात त्रिसरण म्हटलं आणि तुझी लेक अजून माझ्याशी बोललेली नाही.

सही झाल्यावर हवालदारानं कागद घडी केला आणि म्हणाला, “एवढं करून काय भेटलं मास्टर? ट्रकवाला सापडनार हाय का यानं?” नाही सापडला. आज बारावा दिवस आहे. तुझा एकुलता एक खरा पंचनामा ठाण्यात पडला आहे आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही. त्याची एक प्रत मी मागून घेतली, तू सांगायचास तशी.

काल रिठदला गेलो. जीपनं गेलो, खिशात शपथपत्र होतं. तीन दिवस बसून लिहिलेलं. देवरावचं घर गावाच्या कडेला, टिनाचं. तो अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होता, तीन बकऱ्या आजूबाजूला. केस पांढरे, पाठ वाकलेली. मला वाटलं होतं ओळख द्यावी लागेल.

“मास्टर ना तुमी?” तो म्हणाला. “या. बसा.” लोटाभर पाणी दिलं.

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. ती दुपार, तो कोट, कोरा कागद, शपथ. बोलून झाल्यावर ते पाणी मी त्याच्याच हातचं प्यायलो.

तो म्हणाला, “हे मले कायले सांगता जी? ढिगाजवळ तुमी नोहते, हे मायाशिवाय कोनाले जास्त ठाऊक?”

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, गौतम. तीस वर्षं मी समजत होतो की मी एक गुपित सांभाळतो आहे.

मग तो म्हणाला, “वकीलसाहेबानं त्याचं सांगतलं होतं. मी सुटून आलो त्याच महिन्यात आला. इथंच बसला, असा, मातीत. म्हने, देवराव, पेन मी देल्लं होतं. मले ठाऊक होतं अन् मी पिंजऱ्यात उभा राह्यलो नाई. लय रडला जी. मंग दर साली यायचा. मी इचारो, तुमचा तो मास्टर नाई आला का? म्हने, येईन. त्याचं त्याले सांगू दे.”

मी तेव्हा बसलो. तो हुकमाचा पत्ता आठवला, आणि शेवटच्या भेटीतलं तुझं हसू. तू एका शब्दानं माझं तोंड बंद करू शकत होतास. का नाही केलंस? मला लाज वाटू नये म्हणून? की मी भीतीनं नाही, स्वतःहून जावं म्हणून? तुझा हा चांगुलपणा मला सहन होत नाही. तू मला सांगितलं असतंस, तर मी कदाचित दहा वर्षं आधी रिठदला आलो असतो. किंवा नसतो आलो, आणि मग तुला शिव्या घालायला दुसरं काही शोधलं असतं. हे भांडण आता कुणाशी करू?

मी शपथपत्र काढलं. म्हणालो, हे उद्या वाशीमच्या कोर्टात देतो, आधी तुम्ही ऐका.

“वकीलसाहेब होते तवा आले असते तर कागद कामाचा होता,” देवराव म्हणाला. “आता काय, बकऱ्या खातीन.” त्यात राग नव्हता. मग म्हणाला, “वाचा.”

मी वाचलं. नाव, वय, धंदा शिलाई. कागद कोरा होता. मी रिठदला गेलो नव्हतो. पोत मी पाहिली नव्हती. कोर्टात मी खोटं बोललो. सगळं मोठ्यानं, सावकाश, तुझ्या पद्धतीनं. शेवटची ओळ मी हातानं लिहिली होती. ती वाचली आणि विचारलं, “बरोबर हाय?”

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली.

“एक राह्यलं.”

“काय?”

“मी आत असताना माय मेली. सोडलं नाई मले तिच्या मातीले. ते लिवा.”

शपथपत्रात असं काही बसत नाही, हे मला तुझ्याकडूनच ठाऊक होतं. मी शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि तिच्याखाली ते लिहिलं. मग ती ओळ पुन्हा एकदा हातानं लिहिली. तो म्हणाला, पहिल्यापासून वाचा. मी पहिल्यापासून वाचलं, त्याच्या आईपर्यंत.

“आता मारा सही,” तो म्हणाला.